वाटणीतला ट्रॅक्टर: एका जुन्या ५७५ ची किंमत कशी निघाली

इंदापूर तालुक्यातल्या एका घरात २०२५ च्या दिवाळीनंतर वाटणीची बोलणी सुरू झाली. जमिनीची मोजणी झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आणि गाडं अडलं ते ट्रॅक्टरवर. थोरला शेती बघतो, धाकटा चाकणला कंपनीत आहे. ट्रॅक्टर थोरल्याकडेच राहणार यावर दोघांचंही एकमत होतं. वाद एवढाच की थोरल्याने त्याची किंमत किती धरायची. थोरला म्हणे १ लाख २० हजार, धाकटा म्हणे साडेचार लाख.

जुन्या ट्रॅक्टरवरच्या कर्जप्रकरणांसाठी किंमत काढून देणं हे माझं काम, म्हणून निरोप आला. हे प्रकरण घरच्यांच्या संमतीने, नावं गाळून लिहितो आहे. बाजारात विकायला काढलेल्या ट्रॅक्टरपेक्षा वाटणीतल्या ट्रॅक्टरचा भाव काढणं अवघड जातं. बाजारात नाही पटलं तर माणूस उठून जातो. इथे दोघांनाही त्याच ओसरीवर बसायचं असतं.

ट्रॅक्टर म्हणजे महिंद्रा ५७५ डीआय, ४५ एचपी, चार सिलिंडर. २०१६ च्या पाडव्याला घेतलेला, बिल ६ लाख १० हजारांचं. सोबत सहा फुटी रोटाव्हेटर, हायड्रॉलिक पल्टी नांगर, नऊ फणी कल्टिव्हेटर आणि एक ट्रॉली.

दोघांचे आकडे हवेतले नव्हते, हे आधी सांगायला हवं. थोरल्याचा मुलगा बी.कॉम.ला आहे. त्याने पुस्तकातलं सूत्र लावलं होतं. ट्रॅक्टरचं आयुष्य १० वर्षं किंवा १० हजार तास, शेवटी उरणारी किंमत खरेदीच्या १० टक्के, आणि मधली घट दरवर्षी सारखी. ६ लाख १० हजारांतून ६१ हजार बाजूला ठेवले की वर्षाची घट ५४ हजार ९०० येते. नऊ पूर्ण वर्षांची घट काढली की उरतात १ लाख १५ हजार ९००. आयकराच्या पद्धतीने दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घट धरली तरी १ लाख ४१ हजारांच्या आसपासच येतं. म्हणजे गणितात पोराचं काहीच चुकलं नव्हतं.

पण ते सूत्र ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न वेगळा. भाड्याने नांगरट करून देणाऱ्याने तासाचा दर किती ठेवावा, म्हणजे दहा वर्षांनी नवा ट्रॅक्टर घ्यायला पैसे सुटतील, यासाठी ते आहे. आज हा ट्रॅक्टर उभा केला तर घेणारा काय देईल, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. दहा वर्षांत नव्या ट्रॅक्टरच्या किमती चढल्या आणि त्यांच्यामागे जुन्याच्याही चढल्या. वहीतली किंमत मात्र २०१६ च्या बिलालाच धरून बसते.

धाकट्याने मोबाईलवरच्या जाहिराती जमवल्या होत्या. "दादा, तूच बघ की. सोळा-सतरा पासिंगचा सव्वाचारच्या खाली एकपण नाही." थोरल्याचं उत्तर तयारच होतं, "लिहायला काय जातंय? घेणारा आण." यात थोरल्याची बाजू बरोबर होती. जाहिरातीतला आकडा हा विकणाऱ्याच्या तोंडाचा भाव असतो. 'सिंगल ओनर, टायर ८० टक्के, कागदपत्रे क्लिअर' असं लिहिलेल्या ट्रॅक्टरचा सौदा शेवटी कितीला ठरला, ते जाहिरातीत कधीच कळत नाही.

म्हणून मी जाहिराती कमाल मर्यादा म्हणून बाजूला ठेवल्या आणि आसपासचे पक्के झालेले सौदे शोधले. ज्याने खरोखर पैसे मोजले त्याच्या घरी जाऊन विचारायचं. गॅरेजवाले आणि दलाल पत्ता देतात. त्याच मॉडेलचे, वर्षभर मागेपुढे पासिंगचे, चालते तीन ट्रॅक्टर मिळाले. जूनमध्ये एक ४ लाख १० हजारांना गेला होता. दसरा झाल्यावर एक ३ लाख ८५ हजारांना. तिसरा ३ लाख ६० हजारांना, पण तो परजिल्ह्यातला होता आणि आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच होता, म्हणून तो सोडून दिला.

पहिल्या दोन सौद्यांतला २५ हजारांचा फरक पाहून धाकटा म्हणाला, मग वरचाच धरा ना. पण मध्ये एक गोष्ट घडली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. धाकट्याकडे नव्या ट्रॅक्टरचं कोटेशन होतं ७ लाख ७२ हजार ८०० चं, उन्हाळ्यातलं. त्यातली कराविना किंमत ६ लाख ९० हजार. तिच्यावर ५ टक्के लावले की ७ लाख २४ हजार ५०० होतात. नवा ४८ हजार ३०० रुपयांनी उतरला तर जुना जागच्या जागी कसा राहील? जुना घेणारा माणूस नव्याचा हप्ता डोक्यात धरूनच बोलतो. नवा सव्वासहा टक्क्यांनी उतरला, तेवढंच जूनच्या सौद्यालाही लावलं, तर ४ लाख १० हजारांचे ३ लाख ८४ हजार होतात. दसऱ्यानंतरचा सौदा ३ लाख ८५ हजारांचा. दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी आले. दोनच सौद्यांवरून नियम बनवू नये, पण पाया म्हणून ३ लाख ८५ हजार धरायला मला अडचण वाटली नाही. जुलै-ऑगस्टमधले सौदे पुढे करून भाव सांगणारे दलाल अजून भेटतात. त्यांना सौद्याची तारीख विचारावी.

आता हा ट्रॅक्टर त्या दोन सौद्यांतल्या ट्रॅक्टरांच्या मानाने कसा आहे, ते बघायचं होतं.

मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, असा निरोप दिला होता. गेलो तर बॉनेट गरम. सकाळीच वैरण आणली म्हणे. गरम इंजिन बहुतेक दोष पोटात घालतं, म्हणून त्या दिवशी फक्त कागद पाहिले आणि इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. थंडीत तो तिसऱ्या सेल्फला लागला. मागून निळसर धूर, आणि अर्धा तास चालून गरम झाला तरी तो धूर हटेना. ऑईल भरायचं झाकण काढून वर तळहात धरला तर आतून फस्‌फस् हवा मारत होती आणि तळव्यावर तेलाचे बारीक थेंब जमले. रिंगा आणि लायनर झिजले की सिलिंडरमधला दाब खाली ऑईलच्या टाकीत उतरतो, त्याची ही खूण. थोरला म्हणाला, "ऑईल थोडं पितो, बाकी वढायला वाघ आहे." ओढायला तो खरंच बरा होता, पण हाफ इंजिनचं, म्हणजे रिंगा-लायनर बदलायचं, काम लांबलं तरी वर्षभराच्या पलीकडे लांबणार नव्हतं.

मग रोटाव्हेटर जोडून अवजार उचलणारी मागची लिफ्ट पूर्ण वर घेतली आणि इंजिन बंद केलं. लिफ्ट धरणारी असेल तर रोटाव्हेटर तसाच टांगून राहतो. इथे चहा होईस्तोवर पाती जमिनीला टेकली. पुढच्या चाकांना हलवलं तर बुशात खेळ होता. क्लच वरच्या वर घेत होता, म्हणजे तोही झिजलेला. मागच्या टायरच्या नक्षीची उंची मोजली आणि गावातल्या दुकानात त्याच मापाच्या नव्या टायरशी ताडून पाहिली. ४० टक्के शिल्लक. विकणारा 'टायर साठ टक्के' म्हणतो तेव्हा तो डोळ्यांनी मोजत असतो. पट्टी लावली की आकडा खाली येतो.

मीटर ४,३१२ तासांवर थांबलेला. केबल तुटलेली. जुन्या ट्रॅक्टरचा हा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. केबल तुटली की तो गप्प होतो, आणि पुष्कळांना ती जोडून घ्यायची घाई नसते. केबल २०२१ मध्ये तुटल्याचं घरात सगळ्यांना आठवत होतं. त्यानंतर घरची शेती आणि चार शेजाऱ्यांची नांगरट मिळून वर्षाचे साधारण पावणेचारशे तास, म्हणजे चार वर्षांचे दीड हजार. शिवाय थोरल्याने दोन हंगाम ऊस वाहतूक केली होती. कारखान्याच्या काट्याच्या पावत्या त्याने एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या. खेपांवरून दर हंगामाचे सव्वाआठशेच्या आसपास तास निघाले. एकूण साडेसात हजार तास. ज्या दोन सौद्यांवरून मी पाया धरला, ते ट्रॅक्टर साडेपाच हजारांच्या घरातले.

इथे धाकटा उसळला. "वाहतुकीचे पैसे दादाने घेतले, झिजला मात्र सगळ्यांचा ट्रॅक्टर." तक्रार रास्त होती, तरी मी ती किमतीत घेतली नाही. वाहतुकीचं उत्पन्न, डिझेल, ड्रायव्हर, त्यातून घरावर टाकलेले पत्रे, हा दोन भावांचा हिशेब आहे आणि तो वेगळ्या कागदावर मांडता येतो. तो ट्रॅक्टरच्या किमतीत घुसडला की मग दुरुस्तीची बिलं, आजारपणाचा खर्च, बहिणीचं लग्न, सगळंच घुसतं आणि शेवटी कुठल्याच आकड्याला अर्थ राहत नाही. बाहेरच्या गिऱ्हाईकाला ट्रॅक्टर कोणी झिजवला याच्याशी काय देणंघेणं? किती झिजला, एवढंच तो बघतो.

दुरुस्तीचा अंदाज दोन गॅरेजांतून घेतला. हाफ इंजिन मजुरीसकट ३८ हजार, लिफ्ट साडेनऊ हजार, क्लच साडेबारा हजार, पुढचे बुश ६ हजार, वायरिंग, बॅटरी आणि मीटरची केबल मिळून साडेसात हजार. बेरीज ७३ हजार ५००. एवढे सगळेच्या सगळे वजा करायचे, असं थोरल्याचं म्हणणं. बरेच जाणकारही तसंच करतात. मला ते पटत नाही. ज्या ट्रॅक्टरचे ३ लाख ८५ हजार आले, त्याचं इंजिन कोरं नव्हतं. तेही अर्धंअधिक वापरलेलंच होतं. आपण इंजिनचं काम करून घेतलं तर हा ट्रॅक्टर त्याच्या पुढे जातो. त्या पुढे गेलेल्या भागाचे पैसे धाकट्याच्या वाट्यातून का कापायचे? म्हणून इंजिनचे २५ हजार धरले आणि क्लचचे ८ हजार. लिफ्टचं तसं नाही. लिफ्ट एक तर धरते नाही तर पडते, त्यामुळे तिचे साडेनऊ पूर्ण. बुश आणि वायरिंगचेही पूर्ण. झाले ५६ हजार. पायाच्या ट्रॅक्टरचे टायर ६० टक्के होते, आपले ४०. मागच्या जोडीला ५२ हजार पडतात, त्याचे २० टक्के म्हणजे १० हजार ४००.

जास्तीच्या दोन हजार तासांसाठी आणखी मोठी रक्कम वजा करा, असा थोरल्याचा आग्रह होता. पण तास म्हणजे तरी काय? रिंगा, क्लच, टायर यांचीच झीज, आणि ती आत्ताच मोजून झाली. तेच दोनदा कापलं जाईल. फक्त गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल उघडून पाहिलेलं नाही आणि उसाच्या भरल्या ट्रॉल्या ओढताना सगळा ताण तिथेच येतो, म्हणून १० हजार. हा आकडा निव्वळ माझा अंदाज आहे, त्याला पट्टी लावता येत नाही.

३ लाख ८५ हजारांतून ६६ हजार ४०० आणि १० हजार गेले. उरले ३ लाख ८ हजार ६००. गोल करून ३ लाख १० हजार.

बारामतीच्या एका जुन्या ट्रॅक्टरच्या व्यापाऱ्याला दाखवला. त्याने २ लाख ८५ हजार सांगितले. व्यापारी दुरुस्ती करणार, दोन-तीन महिने उभा ठेवणार आणि वर काही कमावणार. तेव्हा त्याचा भाव आपल्या आकड्याच्या थोडा खालीच असायला हवा, आणि तसाच तो होता.

वाटणीत एक जुनी रीत आहे, थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. तीच इथे उलटसुलट लावली. धाकट्याला विचारलं, ३ लाख १० हजारांत तू ठेवतोस का? त्याने मनाशी हिशेब केला: रजा टाकायची, दुरुस्ती करायची, गिऱ्हाईक शोधायचं, नाहीतर व्यापाऱ्याला २ लाख ८५ ला द्यायचा. नको म्हणाला. थोरल्याला विचारलं, तेवढ्यात तू सोडतोस का? तोही नको म्हणाला, "एवढ्यात मला असा माहितीतला दुसरा कुठं मिळतोय?" १ लाख २० हजार आणि साडेचार लाख हे दोन्ही आकडे त्यानंतर कोणी काढले नाहीत. ही परीक्षा दर वेळी चालत नाही. एकाकडे उचलायला पैसेच नसतील तर त्याचं 'नको' खोटं असतं. धाकट्याला पगारावर कर्ज मिळण्यासारखं होतं, म्हणून इथे ती चालली.

खरी ठेच पुढे लागली, कागदांत. आरसी वडिलांच्या नावावर आणि वडील २०२३ मध्ये वारलेले. कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर बोजा तसाच. विमाही संपलेला. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायचं, असा नियम आहे. तो मुदतीत पाळलेलं घर मला क्वचितच दिसतं. बोजा उतरवायला बँकेचं पत्र आणि नमुना ३५ लागतो. हा सगळा साधारण ९ हजारांचा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीतून न कापता वारसांनी वाटून घ्यावा, असं मी सुचवलं.

आणि वारस दोन नव्हते, चार होते. आई, दोन मुलं, आणि दौंडला दिलेली बहीण. हिंदू वारसा कायद्यात चौघांचा हिस्सा सारखा. धाकटा इतके दिवस निम्मे धरून चालला होता. त्याच्या वाट्याला आले पाव, म्हणजे ७७ हजार ५००. बहिणीची सही लागणारच होती. ती घरी येऊन स्पष्ट बोलली, "जमिनीवर हक्कसोड दिलंय. ट्रॅक्टरचे माझे पैसे मी घेणार." थोरल्याची बायको थोडी गप्प झाली, पण कोणी वाद घातला नाही. आईने आपला हिस्सा थोरल्याकडेच राहू दे असं सांगितलं, ते लिहून घेतलं.

धाकट्याला एक गोष्ट मात्र बजावली: पैसे हातात आले की नाव बदललंच पाहिजे, ते लांबवायचं नाही. वाहन दुसऱ्याकडे आणि नोंद पहिल्याच्या नावावर, अशा वेळी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात पडते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात म्हटलं आहे. त्या प्रकरणात गाडी एका हातातून दुसऱ्या हातात करत पुढे विकली गेली होती, तरी जबाबदारी नोंदीवरच्या मालकाचीच धरली गेली. इथे नोंदीवरचा मालक हयात नाही, तेव्हा उद्या काही झालं तर भरपाई मागणाऱ्याचा वकील वारसांची दारं ठोठावेल. म्हणून बहिणीच्या आणि धाकट्याच्या ना हरकतीवर सही आणि पहिला हप्ता एकाच बैठकीत उरकला.

अवजारांवर फार वेळ गेला नाही. रोटाव्हेटर थोरल्याच्या बायकोच्या नावावर अनुदानात घेतलेला. अनुदान कोणाच्या नावाने आलं यावर संध्याकाळभर बोलणं झालं, पण पैसे घरच्या उसाच्या बिलातले होते, त्यामुळे तो दोघा भावांत धरला. रोटाव्हेटरची किंमत लवकर पडते. ४२ पाती बदलता येतात, पण रोटरचं बेअरिंग आणि गिअरबॉक्स आवाज करायला लागला की गिऱ्हाईक फिरतं. हा आवाज करत होता; ३८ हजार. पल्टी नांगराचं उलट, फाळ बदलले की तो पुन्हा उभा, ४६ हजार. कल्टिव्हेटर १२ हजार. भंगारात वजनावरच त्याचे सातेक हजार आले असते, त्यामुळे त्यावर घासाघीस झाली नाही. ट्रॉली मजबूत, पण तिची नोंदणीच नाही. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी करावी लागते, हे गावाकडे निम्म्या लोकांना मान्यच नसतं. पासिंग असती तर लाखाच्या जवळ गेली असती, तशीच ६५ हजार धरली. अवजारांचे एकूण १ लाख ६१ हजार, निम्मे ८० हजार ५००. धाकट्याने ट्रॉली उचलली, त्याची जमीन खंडाने करणाऱ्याला ती हवी होती. वर १५ हजार ५०० थोरल्याने द्यायचे.

म्हणजे थोरल्याकडून धाकट्याला एकूण ९३ हजार, बहिणीला ७७ हजार ५००. निम्मे सहीच्या दिवशी दिले, निम्मे उसाचं बिल आल्यावर. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे, तरी कागदावर आम्ही ३१ मार्च ही तारीख घातली. ऊस लावणाऱ्याला याचं कारण सांगायची गरज नाही.

जानेवारीत थोरल्याने इंजिन उघडलं. हेडला चीर निघाली आणि काम ४४ हजारांवर गेलं. वरचे सहा हजार धाकट्याच्या आणि बहिणीच्या पुढच्या हप्त्यातून कापता येतील का, म्हणून त्याचा फोन आला. नाही येत, म्हणालो. कागदावर 'आहे त्या स्थितीत' असं लिहून चौघांच्या सह्या आहेत, आणि चीर निघाली नसती तर काही तो उरलेले पैसे परत देणार नव्हता. तोही हसला. नमुना ३१ दाखल झाला आहे, बोजा उतरला आहे. ट्रॉलीची नोंदणी अजून व्हायची आहे.